बहुराष्ट्रीय कंपन्यांचं वित्तीय व्यवस्थापन स्वतः शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉर्पोरेट फायनान्सची मूलतत्त्वं येतात, ताळेबंद वाचता येतो, आता बहुराष्ट्रीय कंपन्यांचं आंतरराष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन स्वतः शिकायचंय, सुरुवात डेरिव्हेटिव्ह्जपासून (चलन, व्याजदर अशा गोष्टींवर मूल्य ठरणारे करार) करावी का आणि गणित किती लागेल?

डेरिव्हेटिव्ह्जपासून करू नका. मी बहुराष्ट्रीय कंपनीच्या ट्रेझरीत (रोकड, कर्ज आणि चलनाचा धोका सांभाळणारं खातं) काम केलंय, नव्याने रुजू झालेल्यांना शिकवलंही आहे. ऑप्शनचं (ठरलेल्या दराने खरेदी-विक्रीचा हक्क, सक्ती नाही) सूत्र तोंडपाठ असलेले हुशार लोक ‘आपल्याला नेमका कोणत्या चलनाचा धोका आहे?’ या प्रश्नावर अडतात. हा प्रश्न ज्याला नीट विचारता येतो, तो साधनं नंतर पटकन शिकतो. तुम्हाला येतं तेच वित्त इथे लागतं, फक्त प्रत्येक आकड्याला चार प्रश्न जास्तीचे विचारायचे: हा पैसा कोणत्या चलनात आहे, कोणत्या देशात आहे, समूहातल्या कोणत्या कंपनीचा आहे आणि हातात कधी येणार आहे?

म्हणून पहिला अभ्यास एकाच बिलाचा करा. समजा, युरोत हिशेब ठेवणाऱ्या कंपनीने अमेरिकी ग्राहकाला १० लाख डॉलरचं यंत्र विकलं, पैसे ९० दिवसांनी येणार. आज १ युरो म्हणजे १.१० डॉलर. डॉलरवर वार्षिक ५ टक्के व्याज, युरोवर ३ टक्के. आजच्या दराने हे ९,०९,०९१ युरो होतात. बँक ९० दिवसांचा फॉरवर्ड दर (पुढच्या तारखेच्या व्यवहारासाठी आजच ठरवलेला दर) मात्र साधारण १.१०५५ सांगेल, म्हणजे हाती पडतील सुमारे ९,०४,६०२ युरो. नवखा माणूस इथे म्हणतो, ‘हेजिंगला, म्हणजे धोका आधीच झाकायला, साडेचार हजार युरो खर्च आला.’

आता हेच फॉरवर्डशिवाय करून बघा. आज डॉलरमध्ये ९,८७,६५४ चं कर्ज घ्या. तीन महिन्यांचं सव्वा टक्का व्याज धरून ते बरोबर १० लाख होतं आणि ग्राहकाच्या पैशातून फिटतं. कर्जाचे डॉलर आजच युरोत बदला, ८,९७,८६८ युरो मिळतील. ते तीन महिने पाऊण टक्क्याने ठेवा. हाती येतात ९,०४,६०२ युरो. तोच आकडा! फॉरवर्ड दरात बँकेचं भाकीत नसतं, दोन चलनांच्या व्याजदरांतला फरक असतो. या नात्याला व्याजदर समता म्हणतात. (२००८ च्या संकटानंतर ते बाजारात तंतोतंत जुळेनासं झालंय, त्या फरकाला बेसिस म्हणतात, पण ते नंतर.) स्प्रेडशीटमध्ये व्याजदर आणि मुदत बदलून हे गणित इतक्यांदा करा की उत्तर कोणत्या बाजूला सरकेल ते आकडा दिसण्याआधीच सांगता यावं. पुढचे निम्मे धडे यातूनच निघतात, करन्सी स्वॅपसुद्धा (दोन चलनांतल्या रकमा आणि व्याज यांची ठराविक काळासाठी अदलाबदल).

विनिमय दराचं भाकीत शिकण्यात मात्र महिने घालवू नका. रिचर्ड मीस आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये दाखवलं की वर्षभरापर्यंतच्या मुदतीसाठी तेव्हाची नावाजलेली मॉडेल्स ‘उद्याचा दर आजच्याइतकाच’ या अंदाजालाही हरवू शकत नव्हती. ट्रेझरीचं काम दर ओळखणं नाहीच. दर कुठेही गेला तरी कंपनीचे पगार, कर्ज आणि गुंतवणुकी अडू नयेत ही तिची जबाबदारी.

यानंतर एक्स्पोजरचे, म्हणजे दर हलला तर कंपनीला कुठे झळ बसते त्याचे, तीन प्रकार. वरचं बिल हा पहिला, व्यवहारातला. दुसरा हिशेबातला: परदेशी उपकंपनीचा ताळेबंद मूळ कंपनीच्या चलनात मांडताना जो फरक पडतो तो. आयएएस २१ या आंतरराष्ट्रीय लेखामानकानुसार तो नफ्यातोट्यात न जाता इतर सर्वसमावेशक उत्पन्नात जातो आणि ती उपकंपनी विकली की मग नफ्यातोट्यात येतो. रोख पैसा त्यात हलत नाही, त्यामुळे त्याच्यामागे धावून खरे पैसे खर्च करणाऱ्या कंपन्यांबद्दल मला कायम शंका वाटते. कर्जाच्या अटी ताळेबंदातल्या गुणोत्तरांना बांधलेल्या असतील तर गोष्ट वेगळी.

तिसरा प्रकार, आर्थिक एक्स्पोजर, सगळ्यात मोठा आणि पाठ्यपुस्तकांत सगळ्यात कमी पानांचा. तो लेकर एअरवेजवरून समजून घ्या. या ब्रिटिश कंपनीची तिकिटं मुख्यतः ब्रिटिश प्रवासी पौंडांत काढत, विमानं मात्र डॉलरच्या कर्जावर घेतलेली. १९८० च्या अखेरीस पौंड सुमारे २.४० डॉलरचा होता, १९८१ मध्ये तो दोन डॉलरच्या खाली आला. कर्जाचा हप्ता पौंडांत महागला आणि त्याच वेळी ब्रिटिश माणसाला अमेरिकेची सुट्टीही महाग झाली. एकाच कारणाने उत्पन्न आणि खर्च दोन्हींकडून मार. मंदी आणि प्रतिस्पर्ध्यांनी उतरवलेले तिकीटदर यांचाही हात होताच. फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनी बंद पडली. इथे एखाद्या बिलावर फॉरवर्ड घेऊन काय होणार? प्रश्न कर्ज कोणत्या चलनात घ्यावं हा होता.

‘आम्ही बिल आपल्याच चलनात करतो, आम्हाला धोका नाही’ हेही बरेचदा ऐकू येतं. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस नॅशनल बँकेने एका युरोला १.२० फ्रँक ही किमान मर्यादा अचानक काढली आणि फ्रँक काही मिनिटांत युरोच्या बरोबरीच्याही पुढे गेला. फ्रँकमध्ये बिल करणाऱ्या निर्यातदाराची येणी तशीच राहिली, पण युरोतल्या ग्राहकाला त्याचा माल एका दिवसात महागला. धोका बिलावरून उठून पुढच्या ऑर्डरीवर जाऊन बसला, एवढंच.

मग समूहाच्या आतला पैसा. उपकंपन्यांनी एकमेकींची देणी वळती करून फक्त उरलेली रक्कम पाठवणं म्हणजे नेटिंग. हे अर्ध्या तासात समजतं. ट्रान्स्फर प्रायसिंगला वेळ द्या, कारण करखातं आणि ट्रेझरी इथेच एकमेकांना भिडतात. एका उपकंपनीने दुसरीला माल, ब्रँड किंवा कर्ज कोणत्या भावाने द्यायचं यावर नफा कोणत्या देशात दिसणार ते ठरतं. ओईसीडीचा (प्रामुख्याने श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) नियम सांगतो की तो भाव दोन परक्या कंपन्यांमध्ये ठरला असता तसा हवा. त्यावर आता ७५ कोटी युरो किंवा अधिक वार्षिक महसुलाच्या समूहांसाठी १५ टक्के किमान कराची चौकट आलीय, ती अनेक देशांनी लागू केलीय. आणि नफा दिसला म्हणून तो उचलता येतो असं नाही. व्हेनेझुएलातल्या चलननिर्बंधांमुळे पेप्सिको आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल यांनी २०१५ मध्ये तिथल्या उपकंपन्या एकत्रित हिशेबातून बाहेर काढल्या; पेप्सिकोने त्यापोटी सुमारे १४० कोटी डॉलरचा बोजा नोंदवला. परदेशी प्रकल्पाचं मूल्यमापन करताना प्रकल्पाकडे किती रोकड येते आणि मूळ कंपनीपर्यंत किती पोहोचते ही दोन गणितं वेगळी करायची ती यासाठी. आणखी एक: स्थानिक चलनातल्या रोकडप्रवाहाला डॉलरचा सवलत दर (पुढचा पैसा आजच्या मूल्यात आणायचा दर) लावू नका. प्रवाह आणि दर एकाच चलनातले हवेत. ही गफलत व्यावसायिकांच्या फायलींतही सापडते.

आता गणिताचं. चक्रवाढ व्याज, सध्याचं मूल्य आणि थोडं संख्याशास्त्र येत असेल तर फॉरवर्ड, स्वॅप आणि हेजिंगचं बहुतेक काम जमतं. ऑप्शनमध्ये मुदतीअखेर काय मिळतं आणि अस्थिरता वाढली की प्रीमियम (ऑप्शनची किंमत) का वाढतो, एवढं पक्कं असू द्या. सूत्राची सिद्धता नंतर आवड म्हणून बघा. त्यापेक्षा मेटालगेझेलशाफ्टचं १९९३ चं प्रकरण समजून घ्या. या जर्मन समूहाच्या अमेरिकी उपकंपनीने ग्राहकांना कित्येक वर्षं ठरलेल्या भावाने तेल द्यायचं कबूल केलं आणि अल्पमुदतीच्या फ्युचर्सने (पुढच्या तारखेचे, शेअर बाजारासारख्या एक्स्चेंजवर होणारे करार) हेज केलं. तेल उतरलं तसं फ्युचर्सवरचं मार्जिन (तोटा भरून काढायची अनामत) रोज रोखीत भरावं लागलं, ग्राहकांकडचा नफा मात्र पुढच्या वर्षांत येणार होता. सुमारे १३० कोटी डॉलरचा तोटा झाला. हेज कागदावर बरोबर होता की नव्हता यावर अभ्यासक आजही भांडतात. रोकड कधी लागेल हा प्रश्न मात्र सूत्रात नव्हता.

वाचनासाठी एखादं प्रमाण पाठ्यपुस्तक पुरे, कोणतंही चालेल. त्याच्या जोडीला आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय लेखामानकं) पाळणाऱ्या मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या आणि सरळ वित्तीय जोखमीच्या टिपेवर जा. बाजारजोखमीची संवेदनशीलता तिथे द्यावीच लागते: अमुक चलन इतके टक्के हललं तर नफ्यावर किती परिणाम. ते आकडे बघण्याआधी विक्री आणि कर्ज कोणत्या चलनांत आहे यावरून तुमचा अंदाज लिहून ठेवा, मग ताडून बघा. फरक मोठा निघाला तर बहुधा हेजेस किंवा समूहांतर्गत कर्जं तुमच्या नजरेतून सुटलेली असतात. त्या टिपा शोधा. शिवाय ‘ऑरगॅनिक वाढ’ (चलनातले बदल आणि कंपन्यांची खरेदी-विक्री वगळून काढलेली) आणि जाहीर वाढ यांतला किती फरक चलनामुळे आहे तेही काढा. पहिल्या खेपेला बँक किंवा विमा कंपनीचा अहवाल घेऊ नका, त्यांच्या टिपा वाचायला वेगळी तयारी लागते. वस्तू बनवून अनेक देशांत विकणारी कंपनी घ्या, आणि तिचे लागोपाठचे दोन-तीन अहवाल शेजारी ठेवून वाचा.