आजीने केलेले बाळंतपण

चि. सईस अनेक आशीर्वाद.

नाशिकहून पाठवलेले तुझे पत्र मिळाले. आजी शेजारच्या काकूंना ‘सईच्या आईचे बाळंतपण मीच केले’ असे सांगत होती, ते ऐकून तू विचारले आहेस की जन्म तर मी दिला, मग बाळंतपण आजीने कसे केले?

सई, आपल्या भाषेत बाई बाळंत होते, पण तिचे बाळंतपण दुसरे कोणी तरी करते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे, सातव्या महिन्यातले डोहाळजेवण होताच मी बाबांना इथे नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तला ठेवून आजीकडे नाशिकला आले. तुझा जन्म रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाला आणि चौथ्या दिवशी आपण घरी आलो. आजीचे काम खरे तेव्हा सुरू झाले. डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत ती पहाटे पाचला उठून पाणी तापवी, मला आणि तुला तेल लावी, अंघोळ घाली, मऊ भातावर तूप-मेतकूट वाढी आणि जेवणानंतर भाजलेला बाळंतशेपा हातावर ठेवी, कारण त्याने दूध वाढते अशी आपल्याकडे समजूत आहे. नारळाच्या पाण्यात भिजवलेल्या अळिवाचे, गूळखोबरे घातलेले लाडू तर सव्वा महिना संपले नाहीत. त्या सव्वा महिन्यात मी एक भांडेही विसळले नाही.

पाचवीच्या रात्री पाट्या-वरवंट्याची पूजा करून आजीने शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवली होती, कारण सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिते असे मानतात. बाराव्या दिवशी आत्याने तुझ्या कानात नाव सांगितले आणि घरोघरी घुगऱ्या वाटल्या. सव्वा महिन्यानंतर तुला कुंची घालून काळारामाच्या दर्शनाला नेले.

सगळेच मला पटले होते असे नाही. घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी बाळंतिणीने पाणी कमी प्यावे असा आग्रह धरला होता आणि दूध पाजताना माझा घसा कोरडा पडे; आजीने त्यांचे न ऐकता उकळलेले पाणी भरून तांब्या माझ्या उशाशी ठेवला. ओव्याची धुरीही तिने डॉक्टरांना विचारून बंद केली, कारण तो धूर तान्ह्याच्या फुप्फुसांना चांगला नसतो. दहा दिवसांचे सुवेर मात्र तिने पाळले. ज्या बाईने नुकतेच मूल जन्माला घातले तिने देवघरात पाऊल ठेवू नये, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

तुझ्या धाकट्या भावाच्या, नीलच्या वेळी आजीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून तो इथेच झाला. नेदरलँड्समध्ये सुईणीचे शिक्षण घेतलेल्या बायका गरोदरपणापासून तपासणी करतात, आणि सगळे सुरळीत असेल तर घरीही बाळंत होता येते. नंतर साधारण आठ दिवस क्रामझोर्खची, म्हणजे बाळंतिणीची आणि बाळाची घरी येऊन काळजी घेणाऱ्या सेवेची, बाई येते. आमच्याकडे आलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी पलंगाच्या पायांखाली ठोकळे आहेत ना ते पाहिले, कारण वाकून काम करून त्यांची पाठ धरू नये म्हणून पलंग उंच लागतो. त्या माझा ताप बघत, टाके बघत, नीलला अंगावर घ्यायला मदत करत, आणि तुलाही मांडीवर बसवून गोष्ट वाचून दाखवत. तू नीलच्या वेळी शाळेत निळी-पांढरी मौश्येस, म्हणजे साखरेच्या बारीक गोळ्या, घातलेली बिस्किटे वाटली होतीस, आठवते? त्या गोळ्यांच्या आत बडीशेपेसारखे दाणे असतात, आणि त्याने आईचे दूध वाढते असे इथेही पूर्वी मानत. ते कळले तेव्हा आजीच्या हातावरचा शेपा आठवून मला रडू आले. त्या बाईंना मी सांगितले, आमच्या भाषेत म्हणायचे तर माझे दुसरे बाळंतपण तुम्ही केलेत.

आजीच्या कपाटात तुझी कुंची आहे, ती बघायला माग. आणि अळिवाच्या लाडवांचे प्रमाण तिला विचारून नीट लिहून आण; नीलच्या वेळी मी ते आठवून केले, पण वळलेच नाहीत.

तुझी,
आई