मुलगी १४ महिन्यांची झाली तरी चालत नाही, काळजी करावी का?

तुमचा प्रश्न वाचला आणि चार वर्षांपूर्वीची मी मला आठवले. मुलगी १४ महिन्यांची आहे, सोफ्याला धरून उभी राहते, पण हात सोडून एक पाऊल टाकत नाही. नणंदेचा मुलगा तिच्याहून पंधरा दिवसांनी लहान असून घरभर पळतो. सासूबाई म्हणतात, सारखं कडेवर घेऊन तूच सवय लावलीस. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की दिवसभर नोकरीवर असता, त्यामुळे तिचं पहिलं पाऊल आपल्याला दिसणारच नाही की काय, ही रुखरुख वेगळीच. मी डॉक्टर नाही, दोन मुलांची आई आहे. माझा मुलगा साडेदहा महिन्यांचा असताना चालला, मुलगी साडेसोळा महिन्यांची झाल्यावर. दोघंही आता सारखंच धावतात.

आधी सरळ उत्तर देते. १४ महिन्यांच्या मुलीनं अजून पाऊल न टाकणं हा उशीर नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांची पाहणी करून २००६ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. त्यात आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत आहे. म्हणजे सगळ्यात लवकर आणि सगळ्यात उशिरा चालणाऱ्या निरोगी मुलांमध्ये नऊ महिन्यांचं अंतर. तुमची मुलगी आणि नणंदेचा मुलगा दोघंही त्यात आरामात बसतात. आणखी एक: ती वेळेआधी जन्मली असेल तर जितके आठवडे आधी, तितके वजा करून वय धरायचं असतं, दोन वर्षांची होईपर्यंत. दोन महिने आधी जन्मलेलं १४ महिन्यांचं बाळ या हिशेबात १२ महिन्यांचं असतं.

मग घाबरवणारे तक्ते येतात कुठून? पूर्वीच्या बऱ्याच तक्त्यांत सरासरी वय दिलेलं असायचं, म्हणजे ज्या वयात निम्मी मुलं ती गोष्ट करतात ते. याचा अर्थ उरलेली निम्मी मुलं त्या तक्त्यावर आपोआप ‘मागे’ दिसणार. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०२२ मध्ये आपली यादी बदलली. ७५ टक्के किंवा त्याहून जास्त मुलं ज्या वयापर्यंत एखादी गोष्ट करतात, ते वय आता धरलं जातं. त्यांच्या यादीत स्वतःहून काही पावलं टाकणं १५ महिन्यांना आहे आणि कुणाला वा कशाला न धरता चालणं १८ महिन्यांना. रांगणं तर त्यांनी यादीतून काढूनच टाकलं, कारण काही मुलं रांगतच नाहीत. वर सांगितलेल्या पाहणीतही ४.३ टक्के मुलं गुडघ्यांवर कधीच रांगली नव्हती.

माझी मुलगी त्यांतलीच. ती बसल्या बसल्या सरकायची. डावा पाय मुडपलेला, उजवा पुढे, उजव्या हाताचा तळवा फरशीवर टेकवून एक हिसका, की गेली हातभर पुढे. तिच्या सगळ्या चड्ड्या मागून एकाच जागी विरलेल्या असायच्या. दुसरा हात मोकळा राहायचा, त्यामुळे चमचा, झाकण, दादाचा बूट, काहीही घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत जायची. मी मात्र तिच्याकडे बघताना फक्त एकच गोष्ट बघत होते: उभी राहते का? आज तिच्या त्या सरकण्याचा माझ्याकडे एकच व्हिडिओ आहे, तोही डॉक्टरांना दाखवायला काढलेला. याचं मला अजून वाईट वाटतं.

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ती १५ महिन्यांची होती. त्यांनी काय केलं ते सविस्तर सांगते, म्हणजे तुम्हालाही जायचं झालं तर धास्ती कमी होईल. तिला निजवून दोन्ही मांड्या दुमडल्या, बाहेरच्या बाजूला उघडून बघितल्या, दोन्ही पायांची लांबी सारखी आहे का पाहिलं. मग कमरेला धरून तिला एकदम पुढे झुकवलं. मी दचकले, पण तिनं क्षणात दोन्ही हात पुढे केले. पडताना स्वतःला सावरायची ही तयारी चालण्याच्या बरीच आधी येते आणि ते तीच बघत होते. मग विचारलं, बोटानं वस्तू दाखवते का? हाक मारली की वळते का? दोन्ही हात सारखेच वापरते का? आणि शेवटी, घरात आणखी कुणी असं सरकायचं का? सासूबाई सोबत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “अहो, हिचा बाप अस्साच सरकायचा! दीड वर्षाचा झाला तेव्हा चालला.” बसून सरकणारी मुलं बहुतेक वेळा उशिरा चालतात आणि पुष्कळदा ते घराण्यातच असतं. इतके महिने ही गोष्ट आमच्या घरातच होती, फक्त कुणी विचारलं नव्हतं. तुम्हीही सासूबाईंना त्यांच्या मुलांबद्दल विचारा. तुमच्या आईलाही तुमच्याबद्दल विचारा.

कडेवर घेतल्यानं मूल चालत नाही, हे मनातून पूर्ण काढून टाका. तुमची मुलगी उभी राहते आहे, म्हणजे तिला जमिनीवर वेळ मिळतोच आहे. दिवसभर बाहेर राहून आलेल्या आईनं मुलीला उचलून घ्यायचं नाही तर काय करायचं?

वॉकर मात्र आणू नका, कुणी वापरलेला दिला तरी नको. मुलाच्या वेळी आम्ही आणला होता. तो त्यात बसून सुसाट जायचा आणि आम्हाला कौतुक वाटायचं. एक दिवस पुढचं चाक उंबरठ्यावर अडकलं, वॉकर उलटला आणि त्याचा ओठ फाटला. ते रक्त थांबेपर्यंतची दहा मिनिटं मी विसरणार नाही. कॅनडात २००४ पासून वॉकरच्या विक्रीवर बंदी आहे आणि तेही मुलं जिन्यावरून पडून जायबंदी होत होती म्हणून. शिवाय त्यानं चालणं लवकर येत नाही. त्यात बसलेलं मूल पायाच्या बोटांनी ढकलतं, तोल त्याला सांभाळावाच लागत नाही, आणि शिकायचा असतो तो तोलच. उभं राहून मागून ढकलायचा पांगुळगाडा वेगळा. तो जड असेल आणि पटकन निसटत नसेल तर तुमच्या नजरेसमोर चालेल.

घरात तिला अनवाणी ठेवा. तळवा जमिनीला लागला की बोटं पकड घेतात. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर तर कधीच सोडू नका. सोफ्यापासून हातभर अंतरावर एक भक्कम स्टूल ठेवा, म्हणजे एक हात सोफ्यावर आणि दुसरा स्टुलावर अशी तिला मधली फट ओलांडावी लागेल. दोन दिवसांनी ते स्टूल चार बोटं लांब सरकवा. दोन्ही हात वर धरून तिला चालवत नेणं कमी करा. हौस म्हणून ठीक आहे, पण त्यात तिचा भार तुम्ही उचलता. आणि पडू द्या. कॅरन अडॉल्फ या अमेरिकी संशोधिकेनं आपल्या सहकाऱ्यांबरोबर १२ ते १९ महिन्यांची मुलं खेळताना पाहिली, तेव्हा ती तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. हा २०१२ मधला अभ्यास. तो वाचल्यापासून मुलगी पडली की “अरे देवा!” म्हणून धावणं मी सोडलं. कोपऱ्यांना मऊ पट्ट्या लावल्या आणि बसून राहिले.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र १८ महिन्यांची वाट बघू नका. आधी येत असलेली गोष्ट बंद झाली, म्हणजे उभी राहायची आणि आता राहत नाही, किंवा दोन शब्द बोलायची ते थांबले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. वर्षाच्या आतच एकच हात वापरायला लागली असेल, एक पाय फरफटत असेल, पाय ताठ लाकडासारखे किंवा अगदी लुळे वाटत असतील, सतत चवड्यांवरच उभी राहत असेल, तरीही दाखवा. आणि यातलं काहीच नसलं तरी १८ महिने पूर्ण होऊन ती स्वतःहून चालत नसेल तर नक्की जा. लवकर दाखवून काही निघालं नाही तर एक फेरी वाया गेली, एवढंच.

आता तुमच्या रुखरुखीबद्दल. मुलाचं पहिलं पाऊल मी पाहिलं नाही. मी कामावर होते, सासूबाईंचा फोन आला, मी जिन्यात जाऊन रडले. घरी पोचले तर तो ढिम्म, रांगतच होता. पुढचे चार दिवस त्यानं एकही पाऊल टाकलं नाही, पाचव्या दिवशी दोन टाकली, मग परत खाली. चालणं असंच येतं, पुढे-मागे करत. कामावर असताना एखादं पाऊल चुकलं तरी त्याच्या मागची कितीतरी तुमच्याच समोर पडतात.

मुलीच्या वेळी सुट्टी होती. मी धुतलेले कपडे वाळत घालत होते आणि ती बादलीला धरून उभी राहून मला एकेक चिमटा काढून देत होती. एकदा तिला निळा हवा होता आणि पिवळाही सोडवेना. दोन्ही हातांत दोन चिमटे घट्ट धरलेले, बादली सुटलेली, आणि ते तिच्या लक्षातच नाही. मी ओरडले नाही, हललेही नाही. फक्त खाली बसून तळहात पुढे केला. ती तीन पावलं आली आणि निळा चिमटा माझ्या हातावर ठेवून धपकन बसली.

म्हणून सांगते, संध्याकाळी घरी गेलात की थोडा वेळ फोन बाजूला ठेवून तिच्यासोबत जमिनीवर बसा. ती सोफ्याला टेकून उभी असेल तेव्हा तिच्या दोन्ही हातांत तिच्या आवडीचं काहीतरी द्या, आणि दोन हात अंतरावरून तळहात पुढे करून ते मागा.