गॅस मार्क ४ म्हणजे नेमके किती तापमान?

प्रश्न : लेस्टरमध्ये आम्ही नुकतेच भाड्याच्या घरात राहायला आलो आहोत. इथल्या गॅस ओव्हनच्या बटणावर अंश नाहीत, फक्त १ ते ९ हे आकडे आहेत. शेजारच्या आजींनी प्रेमाने दिलेल्या पाककृतींच्या वहीत ‘स्लो ओव्हन’, ‘मॉडरेट ओव्हन’, ‘रेग्युलो ४’ असे शब्द आहेत. दोनदा नानकटाई केली; एकदा करपली, एकदा कच्ची राहिली. काय करावे?

उत्तर : ताई, नानकटाई बिघडली यात तुमच्या हाताचा दोष नाही. ‘रेग्युलो’ हे मूळचे एका उपकरणाचे नाव आहे. रेडिएशन या ब्रिटिश कंपनीने १९२३ मध्ये आपल्या ‘न्यू वर्ल्ड’ गॅस ओव्हनला हा तापमान-नियंत्रक बसवला. पितळी नळी उष्णतेने लांबते आणि तिच्या आतली विशिष्ट मिश्रधातूची कांडी जवळजवळ लांबत नाही, या फरकावर गॅसची झडप आपोआप कमीजास्त होते. आजींच्या वहीतला ‘रेग्युलो ४’ आणि तुमच्या बटणावरचा ४, म्हणजेच ‘गॅस मार्क ४’, एकच समजा.

या आकड्यांमागचा हिशेब फॅरनहाइटचा आहे, म्हणूनच तो सेल्सिअसमध्ये अवघड वाटतो. मार्क १ म्हणजे २७५ अंश फॅरनहाइट आणि पुढच्या प्रत्येक मार्कला २५ अंश वाढतात. त्यामुळे मार्क ४ म्हणजे ३५० फॅरनहाइट, साधारण १८० सेल्सिअस. मार्क ६ म्हणजे २००. मार्क ९ म्हणजे सुमारे २४०. काही बटणांवर एकच्या खाली अर्धा आणि पाव अशाही खुणा असतात. तिथे तापमान अनुक्रमे १२० आणि ११० सेल्सिअसच्या आसपास असते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी ‘३५० वर भाजा’ असे कळवले, तर सरळ मार्क ४ लावावा.

शब्दांच्या बाबतीत मात्र अधिक सावध राहायला हवे. आपण ‘मंद आच’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर शेगडीची बारीक ज्योत असते, त्यामुळे ‘स्लो ओव्हन’ वाचून बटण अगदी तळाला न्यावेसे वाटते. प्रत्यक्षात ‘स्लो’ किंवा ‘कूल’ ओव्हन म्हणजे मार्क १ ते २, म्हणजेच १४० ते १५० सेल्सिअस. हा ‘कूल’ हात भाजण्याइतका गरम असतो. तांदळाचे ओव्हनमधले पुडिंग, जे आपल्या खिरीच्या जवळचे आहे, ते याच आचेवर दोन तास राहते, आणि नाताळचा सुक्या मेव्याचा केक त्याहूनही अधिक वेळ. ‘मॉडरेट’ म्हणजे मार्क ४, साध्या केकसाठी. ‘मॉडरेटली हॉट’ म्हणजे ५ ते ६, ‘हॉट’ म्हणजे ७ ते ८. स्कोन आणि यॉर्कशायर पुडिंग इथे फुगतात. लेखकागणिक या सीमा एखाद्या मार्काने सरकतात, म्हणून शब्दाला नेमका अंश न मानता पट्टा मानावा आणि शेवटची दहा मिनिटे पदार्थाकडे पाहून ठरवावीत. दिवाळीत तूप, पीठ, साखर बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे नवे नाही. भट्टीवाला अंश मोजत नसे, रंग पाहत असे.

आत पंखा असलेल्या विजेच्या ओव्हनसाठी लिहिलेली पाककृती तुमच्याकडे करताना तिच्या अंशांत २० सेल्सिअस मिळवा आणि मग मार्क शोधा. फ्रान्समधल्या कुटुंबांनी तिथल्या ओव्हनवरचे आकडे यात मिसळू नयेत, कारण तिथला ६ साधारण १८० सेल्सिअस असतो.

आता तुमच्या ओव्हनविषयी. अनेक ब्रिटिश गॅस ओव्हनमध्ये ज्योत मागच्या बाजूला असते आणि गरम हवा वर चढते, त्यामुळे वरचा कप्पा लावलेल्या मार्कापेक्षा गरम, मधला त्याच्या जवळ आणि तळचा थंड राहतो. पहिल्यांदा ट्रे वर ठेवला असेल आणि दुसऱ्यांदा तळाशी, तर तुमच्या दोन्ही अनुभवांचा उलगडा इथेच होतो. शिवाय गॅस जळताना वाफ तयार होते, म्हणून विजेच्या ओव्हनपेक्षा इथे पदार्थाला कुरकुरीतपणा जरा उशिरा येतो.

ओव्हनसाठीचा साधा तापमापक आणून मधल्या कप्प्यावर ठेवावा, मार्क ४ वर वीस मिनिटे तापवून आकडा पाहावा, आणि फरक दिसला तर तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. फरक ३० अंशांच्या पुढे असेल किंवा ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत असेल, तर स्वतः काही उघडू नका. ओव्हन वापरणे थांबवून घरमालकाला लगेच कळवा. ब्रिटनमध्ये गॅसच्या उपकरणांचे काम ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या तंत्रज्ञानेच करायचे असते, आणि घरमालकाने पुरवलेल्या गॅसच्या उपकरणांची दरवर्षी तपासणी करून घेणे ही कायद्याने त्याचीच जबाबदारी आहे.

तोवर ओव्हन ठीक असल्यास नानकटाई मार्क ३ वर, मधल्या कप्प्यात, ओव्हन पूर्ण तापल्यावरच ठेवा. अठराव्या मिनिटाला कडा फिकट तांबूस दिसल्या की काढा. त्या वेळी ती मऊच लागेल, ट्रेवर निवताना घट्ट होईल.