साक्षीदाराला प्रश्न विचारण्यापूर्वी

साक्षीदारांशी प्रथमच बोलणार असाल, तर त्यांना घटना मध्ये न अडवता त्यांच्याच शब्दांत सांगू द्यावी, कारण प्रश्नातला एखादा शब्दही आठवणीत मिसळून जातो. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली. गाड्या ‘जोरात आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असे विचारलेल्या ५० पैकी १६ जणांनी आठवड्यानंतर फुटलेली काच पाहिल्याचे सांगितले, तर नुसते ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच! यात कोणी जाणूनबुजून खोटे बोलत नव्हते, म्हणून साक्षीदाराच्या केवळ आत्मविश्वासावर मी विसंबत नाही. साक्षीदार अनेक असल्यास त्यांची आपसांत चर्चा होण्यापूर्वीच जबाब वेगवेगळे नोंदवावेत आणि उत्तरासोबत तुमचा प्रश्नही शब्दशः लिहावा.