विकासात्मक विकार शिकताना: लक्षणाआधी वय विचारा

तुमचा प्रश्न असा आहे की पदवीच्या पहिल्या वर्षाला ‘मुलांमधील आणि प्रौढांमधील विकासात्मक विकार’ हा पेपर आहे, लक्षणांच्या याद्या डोक्यात राहत नाहीत, आणि मुलांच्या विकारांमध्ये प्रौढ कुठून आले तेच कळत नाही. मी हा पेपर आधी विद्यार्थी म्हणून दिला आणि नंतर बरीच वर्षं शिकवला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रौढांपासून सुरुवात करू, कारण ते नीट समजलं की याद्यांची अडचण बरीच कमी होते. ‘विकासात्मक’ म्हणजे ‘लहानपणीचा’ नव्हे. जडणघडणीच्या काळात सुरू झालेला, एवढाच त्याचा अर्थ. मूल वाढतं तसं त्याचं वेगळेपणही वाढतं, रूप बदलतं, कधी झाकलं जातं. म्हणून चाळिशीतल्या माणसाकडे पाहून तो दोन वर्षांचा असताना कसा होता याचा अंदाज बांधायला गेलात तर सपशेल चुकाल.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण विल्यम्स सिंड्रोमचं आहे. यात सातव्या क्रमांकाच्या एका गुणसूत्रावरचा पंचवीसेक जनुकांचा तुकडा नसतो. अशी प्रौढ माणसं छान बोलतात, पण आकडेमोडीत फार अडखळतात. डाऊन सिंड्रोममध्ये (२१ वं गुणसूत्र जादा असतं, हे १९५९ साली कळलं) साधारण उलट दिसतं: भाषा जड जाते, संख्या त्या मानाने बऱ्या जमतात. मग सरळ निष्कर्ष निघतो की पहिल्यांचा ‘भाषेचा भाग’ शाबूत आहे आणि ‘गणिताचा भाग’ बिघडलाय. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅनेट कार्मिलॉफ-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली हेच अगदी लहान मुलांमध्ये तपासलं. शब्द समजण्यात दोन्ही गटांतली मुलं सारखीच मागे होती. आणि दोन वस्तू व तीन वस्तू यांतला फरक ओळखण्यात विल्यम्सची मुलं चांगली होती, डाऊनची नव्हती. म्हणजे संख्यांच्या बाबतीत प्रौढांमध्ये दिसतं त्याच्या नेमकं उलट!

मी विद्यार्थी असताना हा निष्कर्ष वाचला आणि तोवर काढलेल्या माझ्या नोट्स पुन्हा लिहायला घेतल्या. मेंदू म्हणजे सुटे भाग जोडलेलं यंत्र नाही, की एक भाग निकामी आणि बाकीचे ठणठणीत. सुरुवातीचा छोटासा फरक पुढच्या शिकण्याची वाट बदलतो. विल्यम्सच्या बाळांची नजर चेहऱ्यावर खिळून राहते, सहज हलत नाही. मग आई बोट दाखवून ‘तो बघ चेंडू’ म्हणते तेव्हा चेंडूकडे लक्ष जाणं अवघड होतं, आणि शब्द उशिरा येतात.

आता एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) बघा. मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन पुस्तिकेच्या १९९४ च्या आवृत्तीत, म्हणजे डीएसएम-४ मध्ये, काही लक्षणं ७ वर्षांआधी दिसायला हवीत अशी अट होती. २०१३ च्या डीएसएम-५ ने ती १२ वर्षांवर नेली, आणि १७ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी ६ ऐवजी ५ लक्षणं पुरेशी मानली. ही नुसती आकड्यांची अदलाबदल समजू नका. वर्गात बाकावरून सतत उठणारा मुलगा तिशीत खुर्चीवर शांत बसलेला दिसतो. त्याची धावपळ आत चालू असते, आणि बाहेर दिसतात ती अर्धवट राहिलेली कामं. ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) निकषांतही २०१३ पासून स्पष्ट म्हटलंय की लक्षणं लवकरच्या वयात असायला हवीत, पण सामाजिक अपेक्षा झेपेनाशा होईपर्यंत ती पूर्ण दिसतीलच असं नाही, आणि शिकलेल्या युक्त्यांनी ती पुढे झाकलीही जातात. पन्नाशीत पहिल्यांदा निदान झालेली माणसं का भेटतात, ते यावरून कळतं.

इथे एक वाद माहीत असू द्या, परीक्षकांना तो आवडतो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. ३८ व्या वर्षी ज्यांच्यात एडीएचडी आढळला त्यांतल्या सुमारे ९० टक्के लोकांना बालपणी तो नव्हता, असं २०१५ साली प्रसिद्ध झालं. हा वेगळाच विकार आहे, की बालपणची लक्षणं निदानाच्या रेषेखाली राहिली होती, की नैराश्य किंवा व्यसनातून तसंच चित्र दिसतं? उत्तरात तिन्ही शक्यता मांडा आणि तुम्हाला पटते ती का पटते ते लिहा.

इतिहास थोडक्यात, पण वगळू नका. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन केलं. त्यानंतरची काही दशकं ऑटिझमचा दोष आईच्या ‘थंडपणा’वर टाकला गेला. १९७७ साली फोलस्टीन आणि रटर या संशोधकांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या: एकबीज जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, द्विबीज जुळ्यांच्या १० पैकी एकाही जोडीत नाही. एकबीज जुळ्यांची जनुकं सारखी असतात, म्हणजे बोट आईच्या वागण्याकडे नव्हे तर जनुकांकडे गेलं. एवढ्या छोट्या अभ्यासाने आयांवरचा किती मोठा आरोप खिळखिळा केला, याचा मला आजही आदर वाटतो.

अभ्यास करताना प्रत्येक विकाराला तीन कोरी पानं द्या आणि त्यांवर एकेक वय लिहा: २, ८ आणि ३०. त्या त्या वयात काय दिसेल, कुणाच्या लक्षात येईल, काय चुकून दुसरंच समजलं जाईल, हे भरा. डिस्लेक्सियाचं (वाचनातल्या अडचणीचं) पहिलं पान जवळपास रिकामं राहील, कारण दोन वर्षांचं मूल वाचतच नाही. फार तर बोलायला उशीर किंवा घरात कुणाला तीच अडचण असल्याची नोंद होईल. तिशीच्या पानावर ‘बरोबर वाचतो, पण हळू’ असं येईल. या पानांवर मित्रमैत्रिणींची निदानं मात्र करू नका, स्वतःचंही नाही.

सुरुवात फिनाइलकीटोन्युरियापासून करा. जनुकीय दोष जन्मापासून असतो, पण नवजात बाळाच्या रक्ताच्या चाचणीत तो सापडला आणि फिनाइलअ‍ॅलनीन (प्रथिनांतला एक घटक, जो या विकारात शरीराला नीट पचवता येत नाही) कमी असलेला आहार लगेच सुरू झाला, तर गंभीर बौद्धिक अक्षमता टळते. पूर्वी हा आहार बालपणानंतर थांबवत असत. नंतर मोठेपणी लक्ष आणि मनःस्थितीवर परिणाम दिसू लागले, म्हणून आता तो आयुष्यभर पाळायला सांगतात. या विकाराचं तिशीचं पान भरायला घ्याल तेव्हा हे तिथे लिहा.