वाचक विचारतात: शेव्हीच्या ३५० इंजिनाला कोणते रोलर रॉकर?

प्रश्न: माझ्याकडे १९७२ ची शेव्हरोले नोव्हा आहे. ३५० घनइंची व्ही-८, हेड (सिलिंडरवरचे भाग, ज्यांत व्हॉल्व्ह असतात) मूळचीच. हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेटचा नवा कॅम बसवतोय, त्याच्या कार्डावर १.५ रेशोला व्हॉल्व्ह लिफ्ट ०.४५० इंच दिली आहे. १.६ रेशोचे रोलर रॉकर घातले तर ताकद वाढेल का? ॲल्युमिनियमचे घेऊ की स्टीलचे?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: थोडी वाढेल, पण ती रोलरमुळे नव्हे, रेशोमुळे. कॅम टॅपेटला ढकलतो, टॅपेट पुशरॉड नावाच्या दांड्याला, आणि रॉकर तरफेसारखा डुलून ती ढकल व्हॉल्व्हपर्यंत पोचवतो; ती किती पट वाढवतो तो आकडा म्हणजे रेशो. रोलर रॉकरमध्ये घर्षण कमी करायला फिरते रोलर असतात. तुमच्या कॅमच्या लोबची (उंचवट्याची) उंची ०.३०० इंच आहे. १.५ ने गुणलं की ०.४५०, १.६ ने गुणलं की ०.४८०. हे वाढीव ३० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) फुकट मिळत नाहीत. मूळ हेडमध्ये साधारण ४६० ते ४७० थाऊच्या पुढे स्प्रिंगचा रिटेनर (वरची टोपी) गाइडवरच्या (व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो तिच्यावरच्या) सीलवर आदळू शकतो. म्हणून आधी मोजा. पूर्ण लिफ्टला रिटेनर आणि सील यांच्यात किमान ५० थाऊ उरले पाहिजेत आणि स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायच्या आत ६० थाऊ. पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये इनटेकला ८० आणि एक्झॉस्टला १०० थाऊपेक्षा कमी जागा नको. मोजताना खऱ्या स्प्रिंग काढून हलक्या चेकिंग स्प्रिंग लावा, नाहीतर हायड्रॉलिक टॅपेट दबतो आणि आकडा खोटा येतो.

१.६ मध्ये आणखी एक अडचण आहे. रेशो वाढवण्यासाठी रॉकरमधली पुशरॉडची वाटी स्टडच्या (रॉकर ज्यावर बसतो त्या उभ्या बोल्टच्या) जवळ सरकवलेली असते. तुमच्या हेडमध्ये पुशरॉडला सरळ धरणारी खाच हेडच्याच ओतीव लोखंडात आहे. पुशरॉड तिच्या आतल्या कडेला घासतो, वाकतो, आणि त्याचा कीस तेलात जातो. इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून सोळाही खाचा बघा. घासत असेल तर खाच फक्त लांबीत, स्टडच्या बाजूला वाढवायची. रुंदीत वाढवली की रॉकर आडवा फिरू लागतो.

मूळचे तीन सुती (३/८ इंची) स्टड हेडमध्ये नुसते ठोकून बसवलेले असतात. कडक स्प्रिंग लावल्या की ते हळूहळू वर येतात. वर आले की टॅपेटचा आवाज सुरू होतो आणि कितीही ॲडजस्ट केलं तरी तो परत येतो. स्प्रिंग कडक करणार असाल तर आट्यांचे स्टड बसवून घ्या. सोबत गाइडप्लेट (पुशरॉडला सरळ धरणारी पट्टी) घातलीत तर पुशरॉड कडक केलेले, म्हणजे हार्डन्ड, हवेत. साधे पुशरॉड प्लेट कापून काढते.

आता धातू. रोज चालणाऱ्या गाडीला आम्ही क्रोममोली स्टीलचे सुचवू. ॲल्युमिनियमचे चांगले असतात, पण वर्षानुवर्षं ताण झेलून हा धातू थकतो, स्टील त्यामानाने कितीतरी जास्त टिकतं. केवळ टोकाला रोलर असलेले रॉकर स्वस्त पडतात, मात्र घर्षण मुख्यतः मध्ये, रॉकर स्टडवर जिथे डुलतो तिथे होतं, टोकाला नाही. पैसे खर्च करायचेच तर मध्येही नीडल बेअरिंग असलेले घ्या. पूर्ण रोलर रॉकर जाड असतात, तेव्हा उंच व्हॉल्व्ह कव्हर लागेल का, हे आधीच पाहून ठेवा.

आमचा सल्ला: नवा फ्लॅट टॅपेट कॅम १.५ वरच मुरू द्या. सुरुवातीची २०-३० मिनिटं इंजिन २,००० ते २,५०० आरपीएमवर असतं, तेव्हा लोबवर जितका कमी भार तितकं बरं. १.६ चा विचार नंतर.

प्रश्न: रॉकर बसवले, पण पुशरॉडची लांबी बरोबर आहे हे कसं ओळखायचं? आणि किती आवळायचं?

उत्तर: व्हॉल्व्हच्या टोकाला मार्कर फासा, रॉकर बसवा, इंजिन दोन-चार फेरे फिरवा, रॉकर काढा. पुसलेला पट्टा अरुंद आणि टोकाच्या मधोमध हवा. पट्टा रुंद असेल तर पुशरॉडची लांबी चुकली आहे. लांबी कमी-जास्त करता येणारा चेकिंग पुशरॉड घालून पट्टा सर्वांत अरुंद कुठे होतो ते शोधा आणि त्या मापाचे मागवा. मूळ पुशरॉड सुमारे ७.८ इंची असतो, पण हेड किंवा ब्लॉक घासून घेतला असेल तर त्या मापावर विसंबू नका.

ॲडजस्ट करताना त्याच सिलिंडरचा एक्झॉस्ट उघडू लागला की इनटेक लावायचा, आणि इनटेक जवळजवळ बंद होत आला की एक्झॉस्ट. पुशरॉड बोटांनी वर-खाली करत नट आवळा. खेळ संपला की शून्य. त्यापुढे अर्धा फेरा. साडेतीन सुती (७/१६ इंची) स्टडच्या आट्या इंचाला २० असतात, तीन सुतीच्या २४, म्हणून जाड स्टडवर अर्ध्याहून किंचित कमी. शेवटचा थोडासा फेरा पॉलीलॉकचा (आत स्क्रू असलेल्या रॉकरच्या नटचा) आतला स्क्रू टेकवून, दोन्ही एकत्र फिरवून घ्या, म्हणजे लॉक सुटत नाही. जुन्या ठोकलेल्या स्टडचं टोक ओबडधोबड असतं. ते आधी सपाट घासून घ्या, कारण स्क्रू त्यावरच टेकतो.

प्रश्न: माझ्या ३५० ला ट्रकची १९९६ नंतरची व्हॉर्टेक हेड आहेत. साधे रोलर रॉकर बसवल्यावर ते व्हॉल्व्हवरून बाजूला सरकतात. का?

उत्तर: त्या हेडमध्ये पुशरॉडला धरणारी अरुंद खाच नाही. रॉकरच्याच टोकाला दोन कडा असतात, त्या व्हॉल्व्हला धरून राहतात. त्यामुळे सेल्फ-अलाइनिंग रॉकर घ्या, नाहीतर आट्यांचे स्टड आणि गाइडप्लेट बसवून साधे वापरा. सेल्फ-अलाइनिंग रॉकर आणि गाइडप्लेट एकत्र कधीही नाही. तसं केलं तर दोन मार्गदर्शक एकमेकांशी भांडतात आणि व्हॉल्व्हचं टोक व गाइड दोन्ही झिजतात. गाडी चालवणं मात्र आत्ताच थांबवा.