सासूला केंद्रात बसवलं तर लोक म्हणतील टाकायला निघाली

मी समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडं सारखा येतो. कधी सून विचारते, कधी माहेरी राहून आईचं करणारी लेक, आणि हल्ली नुकतेच रिटायर झालेले मुलगेपण विचारायला लागलेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी बाई ठेवली, विरंगुळा केंद्रात नेऊन बसवलं, नाहीतर हेल्पलाईनला फोन लावला, तर गल्लीत काय बोलतील? आणि त्याच्या खाली दडलेला दुसरा प्रश्न, जो बहुतेक जण उठून जाताना दारात विचारतात, की मला हे झेपत नाही म्हणजे मी वाईट आहे का?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका वहिनींचं सांगते, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. वय पन्नाशीच्या आसपास, नवरा उद्यमनगरात वर्कशॉपला, मुलगा पुण्यात नोकरीला. सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. दोनेक वर्षं विसरणं चाललेलं, पण तेवढ्यात आठ दिवसात एकदम वाढलं होतं, रात्रीची झोप नाही, अंगावर धावून जाणं, कपड्यातच होणं. वहिनी आल्या त्याच मुळी नवरा म्हणाला म्हणून, आणि पहिलं वाक्य काय तर "मॅडम, काल मी आत्त्यांचा हात जोरात धरला, वळ उठला ओ." आणि मग रडू आवरेना.

त्यांना मी आधी पाणी दिलं आणि सल्लाबिल्ला बाजूला ठेवून सांगितलं की उद्या सकाळी त्यांना दवाखान्यात न्या. म्हातारपणी डोकं असं आठ दिवसात फिरलं तर ते 'वयच झालंय' म्हणून सोडायचं नसतं, लघवीचं इन्फेक्शन असतं, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी झालेलं असतं, एखादी नवीन गोळी बाधलेली असते, बी-१२ नाहीतर थायरॉईडपण बघायला लागतं. थोरल्या दवाखान्यात नेलं, म्हणजे आपलं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल, तिथं इन्फेक्शन निघालं, बी-१२ पण कमी होतं. औषधानं आठवड्या-दीड आठवड्यात अंगावर धावणं थांबलं. विसरणं मात्र राहिलं, तो स्मृतिभ्रंश होता आणि तो राहणारच होता, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं कारण खोटी आशा दिली की घरातली माणसं पुढच्या महिन्यात जास्त खचतात.

आता संध्याकाळचं. दिवस कलला की सासूबाई दारात जाऊन उभ्या राहायच्या, "धारंची येळ झाली, म्हशी पान्हावल्या असतील, सोड मला." सासरे होते तेव्हा यांच्या म्हशी गंगावेशीच्या कट्ट्यावर जायच्या, गिऱ्हाईकाच्या समोर धार काढून दूध द्यायचे. म्हशी विकून कित्येक वर्षं झाली. वहिनी रोज समजावून सांगायच्या की आत्त्या म्हशी नाहीत आता, मामा पण नाहीत, आणि म्हातारी रोज नव्यानं नवरा गेल्यासारखं रडायची, मग चिडायची, मग कडी काढून रस्त्यावर. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला खरं काय ते पटवायला जाऊ नये असं आम्ही सांगतो ते ह्याचसाठी. मी म्हटलं म्हशींबद्दल विचारा की त्यांना, कुठली म्हैस मारकी होती, रतीब कुणाकुणाचा होता. वहिनींनी माळ्यावरची पितळी चरवी काढली आणि साडेपाचला चिंच-मीठ घेऊन सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. म्हातारीनं ती अर्धा तास घासली, मग उपडी घातली आणि म्हणाली "दिवा लाव." त्या दिवशी दार उघडलं नाही. रोज असं होतं असं नाही, पण आठवड्यातले चार दिवस जरी शांत गेले तरी खूप असतं.

पण वहिनींच्या स्वतःच्या चोवीस तासांचं काय, खरा गुंता तिथं होता. नणंद इचलकरंजीला. ती फोनवर म्हणायची, "आईकडं नीट लक्ष द्या, केंद्रात-बिंद्रात सोडलीत तर बघा, कायदा आहे." कायदा आहेच, २००७ चा, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा. आम्ही तिघांना समोर बसवून तो वाचला. त्यात मुलं म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात, सून त्या व्याख्येत नाहीच. आणि शिक्षा आहे ती ज्येष्ठ माणसाला कायमचं सोडून द्यायच्या हेतूनं कुठंतरी ठेवून येणाऱ्याला. सकाळी दहाला नेऊन बाराला परत आणणं ह्यात कुठंच बसत नाही. हे ऐकून वहिनींच्या चेहऱ्यावर जो फरक पडला तो मी बघितलाय, म्हणून हा कायदा मी आता घरच्यांना हमखास वाचून दाखवते.

मग मी त्यांच्याकडून एक कागद भरून घेतला. कोरा कागद, सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत, प्रत्येक तासाला काय करावं लागतं आणि कोण करतं. सगळ्या ओळीत एकच नाव. नवरा तो कागद बघत बराच वेळ गप्प बसला. 'मदत करा', 'लक्ष द्या' असं म्हटलं की घरात कुणीच काही करत नाही असा माझा अनुभव आहे, पण मंगळवारी दोन ते पाच तू बसायचं असं ठरवलं की माणसं येतात, निदान नाही तरी म्हणतात, आणि नाही म्हटलेलंपण उपयोगी असतं कारण मग दुसरीकडं बघता येतं.

नवऱ्यानं रात्रीचं उठवणं घेतलं. नणंद एक-दोनदा मुक्कामाला आली, एक रात्र जागली, नंतर यायचं जमलं नाही पण दुपारच्या बाईचे पैसे ती देते, आणि फोनवरचं बोलणं थांबलं. ती बाई बचत गटातली, ओळखीची. ज्येष्ठ नागरिक संघाच्या विरंगुळा केंद्रात भजनाला नेतात, पण इथं एक सांगायला हवं, विरंगुळा केंद्र म्हणजे डे केअर नव्हे, तिथं नर्स नसते, विसरणारं माणूस एकटं सोडून यायची ती जागा नाही. संघाच्या बायकांशी आधी बोललो, बाई सोबत बसणार असं ठरलं, मगच नेलं. आणि तालमीची पोरं! वहिनींनी लाज बाजूला ठेवून सासूबाईंचा फोटो तालमीच्या ग्रुपवर टाकला, आजी एकटी दिसली तर हटकू नका, "चला म्हशीकडं" म्हणा आणि घरी आणा. चौकातल्या चहाच्या गाडीवाल्यालापण सांगून ठेवलं, नंबर झंपरच्या आत शिवला. लोक काय म्हणतील म्हणून ज्यांच्यापासून लपवत होत्या तेच आता आजीला घरी आणून सोडतात.

बाकी पटकन सांगते. १४५६७ ही ज्येष्ठांची एल्डरलाईन, सकाळी आठ ते रात्री आठ, फुकट, योजना-पेन्शनपासून छळाच्या तक्रारीपर्यंत सगळ्याला. सांभाळणाऱ्याचंच मन बसलं असेल तर १४४१६, टेली मानस, रात्री दोनलापण लागतो, मराठीत बोलता येतं. सत्तरच्या पुढच्यांना आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढून घ्या, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण ते ॲडमिट झाल्यावरच्या उपचाराला, घरच्या बाईच्या पगाराला नाही. आशाताईंना घरी बोलवून बीपी-शुगरचं विचारा.

वहिनींच्या हातून परत वळ उठला नाही. राग येतो, अजून येतो, तेव्हा त्या चक्क गॅलरीत जाऊन उभ्या राहतात आणि बाईला हाक मारतात, आणि मी म्हणते हे बरोबर करताय. बुधवारी दुपारी मोकळ्या असतात, पहिले काही बुधवार नुसत्या झोपून काढले. आजी आता सुनेला 'मावशी' म्हणते, कोण आहे ते ओळखत नाही, पण जेवते तिच्याच हातनं.

तुमच्या घरात असं असेल आणि तुम्ही कुठल्याही समुपदेशकाकडं निघालाच असाल तर येताना दोन गोष्टी आणा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि तो चोवीस तासांचा कागद, भरलेला. आणि जमलं तर त्या कागदावर ज्याचं नाव नाही त्याला सोबत घेऊन या.